सहाव्या पुलावरचा माणूस

औनीला जपानी अजिबात येत नव्हतं. इंग्रजी यायचं ते औषधाच्या बाटलीवरचं वाचण्यापुरतं. अरबी मात्र अशी, की जॉर्डनमधल्या इर्बिदच्या युनिव्हर्सिटी रस्त्यावरची निम्मी पोरं तास बुडवून त्याच्यापाशी येऊन बसायची. माणसाला एखादी गोष्ट उत्तम यावी आणि तिनेच त्याला गोत्यात आणावं, हे जगात काही पहिल्यांदा घडलं नाही. पण औनीचं घडलं ते आमच्या डोळ्यांदेखत, म्हणून सांगायला हवं.

दुकान चिंचोळं. एका बाजूला झेरॉक्सवाला, दुसऱ्या बाजूला फलाफलवाला, त्यामुळे आत कायम शाईचा आणि तळणीचा मिळून एकच वास. नव्याण्णव साली तिथे सात टीव्ही होते, सात करडे कन्सोल होते आणि अम्मानच्या बाजारातून आणलेल्या चोरून छापलेल्या सीड्या होत्या. सगळ्या जपानी. फुटबॉल खेळायला, गाड्या पळवायला भाषा लागत नाही, म्हणून कोणाचं काही अडत नव्हतं. मग एक दिवस त्या ढिगात वेगळीच सीडी आली. तलवार घेतलेला एक माणूस, त्याच्यापुढे दरी, दरीवर पूल. असे सात पूल ओलांडायचे. प्रत्येक लढाईनंतर अंगात थोडं बळ वाढायचं. ते तलवारीत घालायचं, ढालीत घालायचं की आगीच्या विद्येत, ते आपलं आपण ठरवायचं. नकाशा नाही, वाट दाखवणारं कोणी नाही. विहिरीपाशी पोचलात तरच तोवरचा खेळ जपला जायचा, नाहीतर मेलात की पुन्हा मागच्या विहिरीपासून. आणि पावलोपावली कोणीतरी भेटून जपानीत लांबलचक बोलायचं. पोरांनी त्याचं नाव ठेवलं 'सात पूल'. खरं नाव सीडीवर छापलेलं होतं, पण वाचणार कोण?

"अबू दानिया, हा म्हातारा काय म्हणतोय?" कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असलेल्या सुहैबने एका दुपारी विचारलं. आमच्याकडे माणसाला त्याच्या मुलाच्या नावाने हाक मारतात. औनीला दानिया ही एकुलती एक मुलगी, म्हणून तो अबू दानिया, दानियाचा बाप.

औनी एका कंट्रोलरच्या तारेला सोल्डरचा डाख देत होता. त्याने मान वर करून पडद्याकडे पाहिलं. "म्हणतोय, या विहिरीचं पाणी आधी घोड्याला पाज. मग तू पी."

सुहैबने थट्टेथट्टेत घोडा विहिरीशी नेला. घोडा पाणी प्यायला आणि तिथल्या तिथे मरून पडला. दुकानातले सातही टीव्ही त्या क्षणी थांबले असतील. निव्वळ बोलाफुलाला गाठ पडली होती. पण त्या दिवसापासून औनीचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ झाला.

मग तो सुटलाच. पडद्यावरचा कोणीही तोंड उघडायचा अवकाश, औनी त्याच्या तोंडात शब्द घालायचा. तलवारवाल्याचं नाव त्याने जाबिर ठेवलं. दुसऱ्या पुलावरच्या ढेरपोट्या पहारेकऱ्याला त्याने परवाने देणाऱ्या कारकुनाचा आवाज दिला, "उद्या या, आज साहेब नाहीत." पोरं हसून लोळायची. कोणी रडताना दिसलं की औनीचा आवाज खाली यायचा आणि मुंझिरसारखा टवाळ पोरगासुद्धा खिशातला भोपळ्याच्या बियांचा पुडा चुरचुरवायचं थांबायचा. आपण थापा मारतोय हे औनीला पक्कं ठाऊक होतं. पण थाप रोज त्याच वेळी, त्याच आवाजात मारली की तिचा इतिहास होतो. औनीने अमुक सांगितलं होतं, मग आज तमुक कसं, असं पोरं त्याला धरायची. तोही मुकाट्याने आपल्या आधीच्या थापेला जागायचा.

या खेळात एक हात तुटलेला, फिकट हिरव्या अंगरख्याचा एक योद्धा होता. पहिल्या पुलापासून तो जाबिरच्या जोडीने चालायचा, त्याच्यासाठी मार खायचा, शेकोटीपाशी त्याच्याआधी जागा व्हायचा. औनीने त्याचं नाव ठेवलं वद्दाह. सहाव्या पुलावर वद्दाह थांबतो. जाबिर पुढे जातो, हा मागेच. जपानीत चार वाक्यं बोलतो, मान खाली घालतो. जाबिर पल्याड पोचतो न पोचतो तोच पूल कोसळतो आणि वद्दाह पुन्हा कधीच दिसत नाही. औनीने ती चार वाक्यं अशी सांगितली: "तू पुढे हो. पूल मी राखतो. कोणीतरी मागे थांबल्याशिवाय कोणाला पुढे जाता येत नाही. मागे वळून बघू नकोस."

सुहैब डोळे पुसतोय हे सगळ्यांनी पाहिलं आणि कोणी त्याला चिडवलं नाही. त्या रस्त्यावर मग ती म्हणच झाली. परीक्षेत मित्रासाठी जागा धरणारा वद्दाह. भावंडांसाठी नोकरीला लागणारा वद्दाह. "वद्दाह हो" म्हटलं की आणखी काही सांगावं लागायचं नाही.

ही वाक्यं औनीच्या डोक्यातून आली नव्हती. त्याची जवानी कुवेतमध्ये गेली, थोरला भाऊ फायिझ आणि तो मिळून टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवायचे. नव्वदच्या ऑगस्टात इराकचं सैन्य शिरून पळापळ झाली तेव्हा फायिझ म्हणाला, "तू बायकोपोरीला घेऊन पुढे हो. दुकान मी राखतो." औनी तान्ह्या दानियाला मांडीवर घेऊन वाळवंटातून निघाला. सहा महिन्यांनी कोणाकडून तरी कळलं, की फायिझने त्याच आठवड्यात सगळा माल विकला आणि बायकोमुलांसकट ऑस्ट्रेलिया गाठली. पत्र नाही, निरोप नाही. सख्ख्या भावाने केसाने गळा कापला होता, आणि औनीला ते कोणाला सांगायची लाज वाटली. बायको सोडून त्याने कोणालाच सांगितलं नाही. गावाला तो म्हणायचा, "भाऊ मागे थांबला. पुढे काही कळलं नाही." लोक म्हणायचे, अल्लाह त्याच्यावर दया करो, मर्द होता. औनी मान हलवायचा. पुलावर वद्दाहला उभं करून त्याने आपल्या भावाला निदान एका जागी तरी चांगलं करून घेतलं होतं.

दोन हजार चारच्या मार्चमध्ये 'सात पूल' इंग्रजीत निघाला. एक प्रत औनीच्या हाती आली आणि त्याला मोह आवरला नाही. दानिया तेव्हा चौदा वर्षांची, वर्गात इंग्रजीत पहिली. शुक्रवारी दुकान बंद असताना आणि पुढच्या दोन दुपारी शटर ओढून बापाने खेळायचं, लेकीने वाचायचं आणि चौकटीच्या वहीत अरबीत उतरवायचं, असं चाललं. शाळेतल्या बाईंनी लावलेल्या शिस्तीप्रमाणे दानिया प्रत्येक पानावर तारीख घालायची. तिसऱ्या दुपारी सहावा पूल आला. दानियाने ती चार वाक्यं वाचली आणि पेन्सिल खाली ठेवली.

"लिही ना," औनी म्हणाला.

"बाबा, हा म्हणतोय, 'पहिल्या पुलापाशीच मी तुला विकलं होतं. इथवर सोबत आलो ते तुला इथवर आणून पोचवायला. पलीकडे ते वाट बघतायत. मागे वळू नकोस, मागचा पूल मी तोडतोय.'"

"तुझं इंग्रजी कच्चं आहे."

"मला शंभरात अठ्ठ्याण्णव आहेत."

"मग त्या दोनांतलं असेल हे." औनीने कन्सोल बंद केला. सीडी आणि वही सोल्डरच्या तारांच्या खणात, अगदी खाली टाकली. "दुकानात बोलू नकोस. ती इंग्रजी सीडी खराब निघाली, चालली नाही."

"पण बाबा, हे खोटं आहे."

"खोटं नाही, गोष्ट आहे," औनी म्हणाला. दानियाने बापाचा चेहरा पाहिला आणि ती मूग गिळून गप्प बसली. ती आता लग्न होऊन सॉल्ट गावी असते, आणि बापाचं हे गुपित तिने नवऱ्यालाही सांगितलेलं नाही.

त्यानंतर नवव्या दिवशी सुहैब एकटाच आला. पदवी होऊन तो भौतिकशास्त्राचा मास्तर झाला होता आणि जर्मनीतल्या एका विद्यापीठाचं शिष्यवृत्तीचं पत्र त्याच्या खिशात होतं. वडिलांचं अर्धं अंग त्या हिवाळ्यात गेलेलं. बहीण पलीकडच्या गल्लीत राहायची. ती म्हणत होती, तू जा, आम्ही बघतो. आई काहीच म्हणत नव्हती. कळवायला आठवडा उरला होता.

"अबू दानिया, तुम्हीच सांगा. जाऊ की थांबू?"

औनीला तेव्हा सांगता आलं असतं, की बाळा, मला विचारू नकोस, मी गोष्टी सांगणारा माणूस आहे. वही हातभर अंतरावरच्या खणात होती. पण त्याने सुहैबच्या खांद्यावर हात ठेवला. "गेलेला परत येत नाही रे. आणि पूल राखणारा काही छोटा माणूस नसतो. आमचा वद्दाह तूच आहेस, हे मी पहिल्यापासून म्हणतोय."

सुहैब थांबला. वडील आणखी अकरा वर्षं जगले. त्यांना उचलणं, धुणं, भरवणं सगळं सुहैबने केलं, आणि तक्रार केल्याचं कोणी ऐकलं नाही. शाळेत शिकवत राहिला. लग्न झालं, मुलगा झाला, त्याचं नाव त्याने वद्दाह ठेवलं. तेव्हापासून सारा रस्ता त्याला अबू वद्दाह म्हणू लागला. औनी तर जरा जास्तच प्रेमाने म्हणायचा.

काळ बदलला. पोरं घरी बसून फोनवर खेळू लागली. सात टीव्हींचे दोन झाले आणि औनी मोबाईलच्या काचा बदलून देऊ लागला. जुनी मंडळी मात्र गुरुवारी संध्याकाळी टेकायला यायचीच. मुंझिर दातांचा डॉक्टर झाला होता आणि प्रत्येकाच्या तोंडाकडे गिऱ्हाईक म्हणून बघायचा. सेजची पानं घातलेला चहा व्हायचा, गप्पा व्हायच्या आणि कोणीतरी म्हणायचं, अबू दानिया, सहावा पूल सांगा. औनी सांगायचा.

मग पहिला आल्यावर चोवीस वर्षांनी त्या खेळाचा दुसरा भाग निघाला. आणि तो अरबीत होता. पडद्यावर अरबी अक्षरं, कानात अरबी बोलणं. मुंझिरने फोन करून दुकान दणाणून सोडलं. "गुरुवारी तिसऱ्या प्रहरी, अस्रच्या नमाजानंतर सगळे दुकानात. नवा कन्सोल मी आणतो, मिठाईला कुनाफाही मीच आणतो. एका टीव्हीवर जुना लावू, एकावर नवा. बघू बाप मोठा की लेक मोठा."

औनीला चार दिवस जेवण गेलं नाही. बायकोने विचारलं तर म्हणाला, पित्त झालंय. दुसऱ्या भागात जुनं काही काढलं नाही म्हणजे मिळवली, एवढंच त्याचं मागणं होतं. एकदा त्याच्या मनात आलं, की खणातली वही जाळून टाकावी. पण पोरीचं अक्षर होतं. त्याच्याने ते झालं नाही.

गुरुवारी दहा-बाराजण जमले, सगळे चाळिशीचे, पोटं सुटलेले, पण खुर्च्या धरताना ढकलाढकली जुनीच. जुना खेळ सुहैबने चालवायचा, नवा मुंझिरने. पहिली पंधरा मिनिटं औनीसुद्धा सुखात होता.

"बघा बघा, गवत हलतंय," मुंझिर म्हणाला. "तुमच्या जुन्यात गवत म्हणजे हिरवा रंग फासलेली फरशी."

"त्या फरशीवर आपण तीन महिने रस्ता शोधला," सुहैब म्हणाला. "तुझ्या नव्यात काय, जमिनीवर सोनेरी रेघ. जा म्हणते तिकडे जायचं. तुला हात धरून संडासला पण नेईल."

"कोलांटी मारून वार चुकवता येतो, ते बघ. जुन्यात तुझा जाबिर वळायलाच आठवडा घेतो."

"म्हणून तर वार करायच्या आधी विचार करावा लागतो. तलवार जड आहे हे अंगठ्याला कळतं. हे बघ, तुझा माणूस तलवार फिरवतोय की माशा वारतोय?"

"आणि विहिरी कुठे गेल्या?" मागून कोणीतरी विचारलं.

"विहिरी नाहीत. कुठेही, कधीही खेळ जपला जातो. मेलास तर तिथेच उठायचं."

"मग मरायची भीती कसली राहिली?" सुहैब म्हणाला, आणि जुन्या बाजूचे सगळे हो हो म्हणाले.

औनी म्हणाला, "पहिला खेळ काही सांगतच नव्हता. हा गप्पच बसत नाही." सगळे हसले. औनीला वाटलं, निभावलं.

तेवढ्यात नव्या खेळात एक म्हातारी शेकोटीपाशी बसली आणि मागची गोष्ट सांगू लागली. स्वच्छ अरबीत. तलवारवाला माणूस, सात पूल, आणि त्याचा तो एकहाती सोबती. त्याचं नाव वद्दाह नव्हतं, भलतंच काहीतरी होतं. म्हातारी म्हणाली, त्याने पहिल्या पुलापाशीच मित्राला विकलं आणि सहाव्या पुलावर मागची वाट तोडली. आता तो सातव्या पुलापलीकडच्या किल्ल्याचा धनी आहे, आणि या खेळात त्यालाच मारायचं आहे. हिरवा अंगरखा जाऊन अंगावर सोन्याचं चिलखत आलेलं होतं.

मुंझिरने खेळ थांबवला. सगळे औनीकडे वळले.

"अबू दानिया," मुंझिर अगदी हळू म्हणाला, "चोवीस वर्षं. एका गद्दारासाठी मी माझ्या लग्नाच्या भाषणात रडलोय." आणि मग जो हशा पिकला त्याने झेरॉक्सवाला डोकावून गेला. "आणि तो कारकून? तोही तुमच्या पदरचा?" "अहो, त्या घोड्याचं तरी खरं होतं ना?" "आमचं बालपण यांनी फलाफलसारखं तळून विकलं." एकाने मुंझिरच्या पाठीत थाप मारली, एकाने औनीच्या. पितळ उघडं पडलं होतं, पण कोणी रागावलेलं नव्हतं. औनीला जपानी कुठून येणार होतं?

औनी हसला. मग हसता हसता त्याचा आवाज चढला. "बनवणाऱ्यांनी बेइमानी केली. हिरव्या अंगरख्यातल्या माणसाचे डोळे बघा, तो गद्दार दिसतो का? पैशासाठी दुसरा भाग काढायचा आणि पहिल्याची अब्रू घालवायची." तो बराच वेळ बोलला. त्याला खरंच लुबाडल्यासारखं वाटत होतं. भाऊ त्याच्याकडून दुसऱ्यांदा काढून घेतला होता.

सुहैब उठून त्याच्याशेजारी येऊन बसला. "सोडा हो. तुम्हाला काय माहीत असणार? तुम्ही सांगितलेलंच बरं होतं. माझ्यासाठी वद्दाह तोच." त्याने औनीच्या हातात चहाचा पेला दिला. औनी पेल्यात बघत 'हं' म्हणाला.

"नुसतं बोलू नका, पुरावा बघू," मुंझिर म्हणाला. "तोच पूल जुन्यात लावा. डोळे बघू त्याचे." जुनी सीडी चरे पडलेली, सहाव्या पुलापाशी अडकायला लागली. "दुसरी प्रत असेल की," म्हणत मुंझिरने हक्काने खण उघडला. औनी खुर्चीतून उठेपर्यंत सोल्डरच्या तारा बाहेर आल्या होत्या. खालून एक सीडी निघाली, इंग्रजी कव्हरची, आणि तिला चिकटून एक चौकटीची वही. मुंझिरने पान उघडलं, दोन ओळी वाचल्या, आणि त्याच्या चेहऱ्यावरची थट्टा गेली. त्याने वही मिटून परत खणात ठेवायला घेतली. पण सुहैबने हात पुढे केला होता.

सुहैबने ते पान वाचलं. मग वरची तारीख वाचली, आणि तारखेवर बोट ठेवून बसला. जर्मनीचं विचारायला तो त्या तारखेनंतर आला होता, हे त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. वही त्याने टेबलावर सरळ ठेवली, "कुनाफा गार होतोय, खाऊन घ्या," म्हणाला आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारच्या नमाजानंतर, तो औनीच्या घरी आला. औनीने स्वतः कडू कॉफीची किटली आणली, लहान कपात घोटभर ओतून दिली. सुहैबने कप घेतला आणि न पिता समोर जमिनीवर ठेवला. आमच्याकडे पाहुण्याने कप खाली ठेवला की त्याचं काही मागणं असतं, आणि यजमानाने ते ऐकायच्या आधीच कबूल करायचं असतं. मुलगी मागायला आलेले कप ठेवतात, खुनाची तडजोड करायला आलेले ठेवतात. चोवीस वर्षांत सुहैबने या घरात कप कधी ठेवला नव्हता.

"पी कॉफी," औनी म्हणाला. "जे मागायला आलास ते दिलं, अबू वद्दाह."

"सुहैब म्हणा."

औनीने मान खाली घातली. "माझा भाऊ फायिझ, त्याने मला..."

"तुमच्या भावाचं मी विचारलं नाही." सुहैबचा आवाज चढलेला नव्हता. "वडिलांचं केलं त्याचा मला पस्तावा नाही. कदाचित खरं कळूनही मी थांबलो असतो. पण ते मी ठरवलं असतं. आता ते मला कधीच कळणार नाही. मी तुम्हाला विचारायला आलो तेव्हा वही खणात होती?"

"होती."

"किती दिवसांपासून?"

"नऊ."

सुहैबने मान हलवली. "पुढच्या गुरुवारी सगळ्यांना बोलवा. सहावा पूल सांगा. जसा आहे तसा, तुमच्या आवाजात. बाकी काही मागणं नाही." त्याने कप उचलला, एका घोटात प्यायला, आणि औनी पुन्हा ओतायला वाकला तसा, आता पुरे या खुणेने, कप हलवून परत दिला.

पुढच्या गुरुवारी सगळे आले. कुनाफा नव्हता, कोणी काही आणलं नव्हतं. सुहैबने खणातल्या इंग्रजी सीडीवर जुना खेळ लावला आणि जाबिरला सहाव्या पुलापाशी आणून उभं केलं. हिरव्या अंगरख्यातला माणूस बोलायला लागला तसं औनीने सांगायला सुरुवात केली. पहिले दोन शब्द त्याने पुन्हा म्हटले, मग त्याचा तो जुना आवाज लागला. "पहिल्या पुलापाशीच मी तुला विकलं होतं," औनी म्हणाला. "इथवर सोबत आलो ते तुला इथवर आणून पोचवायला." पुढची दोन वाक्यं त्याने खालच्या पट्टीत, सावकाश सांगितली. त्याच्या स्वतःच्या लक्षात आलं, की खरी वाक्यं त्या चेहऱ्याला किती नेमकी बसतात. मान खाली घालणं, मागे थांबणं, सगळं त्यांतच बसत होतं. इतकी वर्षं त्याने ते पाहिलं होतं आणि दुसरंच सांगितलं होतं.

मग तो पडद्याकडे पाठ करून म्हणाला, "आणि हे मला एकोणीस वर्षांपासून माहीत होतं. सुहैबने मला विचारलं, त्याच्या आधीपासून माहीत होतं. त्याने जाऊ नये म्हणून मी सांगितलं नाही."

मुंझिर फरशीकडे बघत राहिला. सुहैबने कंट्रोलर टेबलावर ठेवला, उठला, आणि निघताना आमची रीत असते तशी उजवीकडून एकेकाशी हातमिळवणी करत निघाला. प्रत्येकाच्या घरच्यांची चौकशी केली, प्रत्येकाला सलाम म्हणाला. औनीच्या अलीकडच्या माणसाचा हात त्याने हातात घेतला, मग पलीकडच्या माणसाचा. औनीचा हात पुढे झालेला होता. सुहैब दारातून बाहेर पडेपर्यंत तो तसाच राहिला. मग औनीने तो हात जरा खाली नेऊन टेबलावरचा कंट्रोलर उचलला, जणू त्यासाठीच पुढे केला होता.